सातवा सरून आठवा लागलेलं लेकरू आणि जिनिव्हातली पुंगी

ताई, नमस्कार. मी गंगाखेड तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. माझं पहिलंच लेकरू, मुलगी. पोटात दुखायलं म्हणून दवाखान्यात गेलो आणि ३० आठवड्यांतच बाळंत झाले. वजन साडेबाराशे ग्रॅम. पाच आठवडे काचेच्या पेटीत होती, घरी येऊन सहा आठवडे झाले. डिस्चार्ज कार्डावर ‘आयव्हीएच ग्रेड १’ लिहिलंय. ह्यांनी मोबाईलवर शोधलं तर ‘मेंदूत रक्तस्राव’ निघालं. तेव्हापासून घरात कुणाला घास गोड लागेना. सासूबाई म्हणायल्यात, सातव्यातलं असतं तर तगलं असतं, हिला सातवा सरून आठवा लागला होता. आठव्यातल्याचं काही खरं नसतं, जगलं तरी डोक्यानं अधू राहतं. जावेचं लेकरू हिच्याच आठवड्यात जन्मलेलं, ते आता हसायलंय, ओळख दाखवायलंय. माझी नुसती झोपते. ह्यांनी वाचलंय की परदेशात एका डॉक्टरीणबाईंनी अशा बाळांना संगीत ऐकवून त्यांचा मेंदू वाढवला. तालुक्याला एक जण नऊ हजारांत हेडफोन आणि गाण्यांचा संच द्यायलाय. घ्यावा का? आणि ताई, माझं लेकरू हुशार होईल का?
– एक आई

बाई गं, तुझ्या पत्रात मेंदू आहे, हुशारी आहे, हेडफोन आहेत. डोळे कुठेच नाहीत. म्हणून आधी डोळ्यांचं बोलू.

३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ जन्मलं की त्याच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी. हिला आरओपीची तपासणी म्हणतात. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पार नवव्या महिन्यापर्यंत वाढत असतात. बाळ आधीच बाहेर आलं, ऑक्सिजनवर राहिलं, की काही बाळांत त्या वेड्यावाकड्या फुटतात आणि पडद्याला ओढून जागचा सोडवतात. बाहेरून डोळा छान टपोरा दिसत असतो, घरात कुणाला शंकाही येत नाही. वेळेत लेझर किंवा इंजेक्शन दिलं तर नजर वाचते. ही वेळ काही दिवसांचीच असते, एकदा हुकली की गेलेली नजर परत आणता येत नाही.

तर आता कार्ड काढ. त्यावर ‘आरओपी’ आणि शेजारी तारीख आहे का बघ. एकदा तपासणी झाली असेल तर पुढची तारीख कोणती दिली होती आणि तुम्ही गेला होतात का? बऱ्याच घरांत पहिली होते आणि दुसरी राहते, कारण ‘डोळे चांगलेत म्हणाले होते’. तपासणी राहिली असेल तर उद्याच्या पहिल्या गाडीने निघा. बाहुली मोठी करणारे थेंब घालून आतला पडदा बघणारे रेटिनाचे डॉक्टर लागतात, चष्म्याचा नंबर काढणारे चालत नाहीत. परभणीत त्या दिवशी ते नसतील तर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठा. आशाताईंना फोन करून १०२ची गाडी मिळते का विचारा. हे उत्तर पुढे नंतर वाचलंस तरी चालेल.

आता जावेच्या लेकराचं. नऊ महिने भरायचे म्हणजे ४० आठवडे. तुझी मुलगी ३०व्या आठवड्यात आली, म्हणजे १० आठवडे आधी. तिच्या जन्माला आता ११ आठवडे झाले. त्यातून १० वजा कर. मेंदूच्या हिशेबाने ती एका आठवड्याची आहे! डॉक्टरांनी दिलेली बाळंतपणाची तारीख मागच्याच आठवड्यात येऊन गेली असणार. आठवड्याच्या बाळाने आईकडे बघून हसावं असं जाऊबाईही म्हणणार नाहीत. ओळखीचं हसू सहा ते आठ आठवड्यांनी येतं, म्हणजे हिचं आणखी पाच-सात आठवड्यांनी. मान साधारण चार महिन्यांची झाल्यावर सावरेल. जन्मतारखेने मोजशील तर सव्वासहा महिने होतील. याला सुधारित वय म्हणतात. बसणं, रांगणं, बोलणं, सगळं दोन वर्षांपर्यंत याच वयाने मोजायचं. लसी मात्र जन्मतारखेने द्यायच्या, त्यांत वजाबाकी नाही. बारसं-जावळ कोणत्या तारखेने करायचं ते सासूबाई ठरवतील.

सासूबाईंचा राग धरू नकोस. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, हे आपल्याकडे घरोघर बोललं जातं. आणि ते आपल्यापुरतंही नाही. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांत आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळांवर अख्खा एक ग्रंथ आहे, त्यातही हेच. मला वाटतं, सातव्यातलं एखादं वाचलं की गावभर त्याची गोष्ट व्हायची आणि न वाचलेल्या दहांची कुणी मोजदाद ठेवायचं नाही, त्यातून ही समजूत पक्की झाली. खरी गोष्ट सरळ आहे. पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा साधारणपणे भक्कमच.

का भक्कम, ते तुझ्या नवऱ्याने वाचलेल्या त्याच डॉक्टरीणबाईंच्या कामावरून सांगता येईल. त्यांचं नाव पेट्रा ह्युप्पी. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा विद्यापीठात बालरोगाच्या प्राध्यापक. नवजात आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा मेंदू कसा वाढतो हाच त्यांच्या संशोधनाचा विषय. पूर्वी मेंदूची वाढ कळायची ती दगावलेल्या बाळांच्या मेंदूवरून. ह्युप्पी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत, झोपलेल्या बाळांचा एमआरआय काढून मेंदूचा कोणता भाग किती वाढला हे मोजायला सुरुवात केली. १९९८ साली बॉस्टनमधून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोजणीत दिसलं की २९व्या आठवड्यापासून ४१व्यापर्यंत मेंदूचा वरचा करडा थर जवळजवळ चौपट होतो. २८व्या आठवड्याच्या आसपास मेंदू बराचसा गुळगुळीत असतो; वळ्या, घड्या पडतात त्या यानंतर. ३४व्या आठवड्यातसुद्धा त्याचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या सुमारे ६५ टक्केच असतं.

म्हणजे तुझ्या मुलीच्या मेंदूचं हे सगळं काम पोटाच्या अंधारात व्हायचं ते दवाखान्याच्या ट्यूबलाईटखाली झालं. सिस्टरांच्या चपला, मॉनिटरची टिकटिक, टाचेला सुई, पेटीचं दार लावल्याचा खाडकन् आवाज. नवजात कक्षात काम करताना मी बघायचे, औषधाची बाटली पेटीच्या काचेवर ठेवली तरी आतलं बाळ दोन्ही हात फेकून दचकायचं. आपल्याला तो आवाज जाणवतही नाही. अशा कक्षात आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. आपल्याकडे एका पेटीत दोन-दोन बाळं ठेवायची पाळी येते तिथे डेसिबल कोण मोजणार. २००४ साली बॉस्टनमधून आणखी एक छोटा अभ्यास आला, त्याच्या लेखकांत ह्युप्पीही होत्या. २८ ते ३३ आठवड्यांत जन्मलेल्या बाळांपैकी काहींची शुश्रूषा त्या-त्या बाळाच्या कलाने केली: उजेड मंद, झोपेत हात लावायचा नाही, हातपाय पोटाशी घेऊन गुंडाळून ठेवायचं, काम करायच्या आधी बाळ तयार आहे का बघायचं. नव्या औषधाचा यात काही संबंध नव्हता. तरी त्या बाळांच्या मेंदूतल्या जोडण्या दुसऱ्या गटापेक्षा जास्त पक्व दिसल्या. मला त्यांच्या सगळ्या कामात हे सर्वांत मोलाचं वाटतं. वर्तमानपत्रात मात्र संगीताची बातमी येते.

तीही सांगते, कारण तिच्यात आपल्या घरची एक वस्तू आहे. आंद्रेआस फोलेनवायडर नावाच्या स्विस संगीतकाराने या बाळांसाठी आठ-आठ मिनिटांच्या तीन रचना केल्या: एक जागं होताना, एक जागेपणी, एक झोपी जाताना. वाद्यं तीन. हार्प, घंट्या आणि तिसरी आपल्या गारुड्याची पुंगी! वेगवेगळी वाद्यं वाजवून बघितली तेव्हा बाळांचा सगळ्यात जास्त प्रतिसाद पुंगीलाच मिळाला. कासावीस झालेली बाळं तिच्या सुरांनी शांत व्हायची. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांपैकी काहींना हे संगीत ऐकवलं, काहींना नाही, आणि पूर्ण दिवस भरल्यावर एमआरआय काढला. मेंदूत एक जाळं असतं. भोवतालच्या गोंधळातून महत्त्वाचं काय ते हेरायचं त्याचं काम. संगीत ऐकलेल्या बाळांत या जाळ्याचे ऐकण्याच्या, हालचालींच्या आणि इतर भागांशी असलेले धागे न ऐकलेल्यांपेक्षा जास्त बळकट दिसले, पूर्ण दिवसांच्या बाळांच्या जवळ जाणारे. २०१९ साली हे प्रसिद्ध झालं.

आता यात काय नाही ते बघ. मोजकीच बाळं होती. मेंदूचा आकार वाढला असं कुणी म्हटलेलं नाही. हुशारी वाढली असंही नाही, एमआरआय काही परीक्षेचे मार्क दाखवत नाही. ते संगीत दवाखान्यात, जाणत्या माणसांनी, अगदी हळू आवाजात, बाळ त्या क्षणी झोपेत आहे की जागं ते बघून लावलं होतं, तेही पोटात असायच्या दिवसांत. तुझ्या मुलीचे ते दिवस सरले. तालुक्याचा माणूस विकतोय तो संच म्हणजे गाजराची पुंगी, आणि मोडून खायचीही सोय नाही. एवढ्याशा कानाला हेडफोन घट्ट लावून आवाज किती चढवायचा हे घरात कोण ठरवणार? ऐकू येणंच बिघडायचं. घेऊ नका. त्या नऊ हजारांत नांदेडच्या कितीतरी चकरा आणि वर्षभराचे लोहाचे थेंब निघतील.

‘ग्रेड १’चं नीट समजून घे, कारण त्या शब्दाने घर हादरलंय. मेंदूच्या मध्यभागी पाण्याच्या पोकळ्या असतात. त्यांच्या काठाला नव्या पेशी तयार करणारा एक तात्पुरता थर असतो, दिवस भरत येतात तसा तो आपोआप विरतो. त्यातल्या रक्तवाहिन्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या नाजूक. लवकर आलेल्या बाळात रक्तदाब जरा वर-खाली झाला, श्वास अडखळला, तरी त्यातली एखादी फुटते, बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांतच. टाळूवर सोनोग्राफीचं यंत्र ठेवून ते बघतात. चार पायऱ्या असतात. पहिली म्हणजे रक्त त्या थरातच राहिलं, पोकळीत उतरलं नाही, मेंदूच्या गाभ्याला लागलं नाही. बहुतेक बाळांत ते विरून जातं आणि पुढे काही त्रास राहत नाही. म्हाताऱ्या माणसाला पॅरालिसिस होतो तो रक्तस्राव हा नव्हे; मोबाईलला एवढा फरक कळत नाही. मात्र पुढची सोनोग्राफी सांगितली असेल तर ती करून घ्या आणि दर भेटीला डोक्याचा घेर टेपने मोजून फाईलमध्ये लिहायला लावा. घेर फार भराभर वाढायला लागला, टाळू फुगून कडक लागली, बाळ सारखं उलट्या करायलं किंवा नुसतं सुस्त पडायलं, तर तारखेची वाट बघायची नाही.

घरी करायचं काय? तिला उराशी घे. पेटीत असताना कांगारू पद्धत शिकवली असेलच. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीला बांधायला सुरुवात केली, त्यातून ही पद्धत आली. २०२१ साली भारतासह पाच देशांतल्या दवाखान्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आपल्याकडून दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. बाळ जरा सावरायची वाट न बघता जन्मल्याबरोबर छातीशी दिलं, तर पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. बोगोटातल्या बाळांना वीस वर्षांनी पुन्हा गाठलं तेव्हा त्यांच्यात शाळेला दांड्या कमी आणि स्वभावातली आक्रमकता कमी आढळली.

तुझी अजून लहान आहे, तिला आवडतंय तोवर चालू ठेव. लंगोट, टोपी, मोजे एवढंच अंगावर. उभी धरून दोन्ही स्तनांच्या मध्ये, पाय बेडकासारखे बाजूला, तोंड एका कुशीला, हनुवटी छातीत रुतू द्यायची नाही, नाक मोकळं. वरून मऊ लुगड्याच्या फडक्याने बांध. एकदा घेतलं की निदान तासभर तरी, म्हणजे तिची झोप पुरी होते. तू जेवायला, न्हायला गेलीस की तिच्या बापाने शर्टाची बटणं काढून घ्यावं. सुरुवातीला लाजेल. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत कपड्यांचे थर चढवू नका; मान घामाने ओली लागली की बाळाला उकडतंय. आणि पेंग यायला लागली की बाळ उतरवून शेजारी ठेव, खाटेवर उराशी घेऊन झोपू नकोस.

आणि बोल तिच्याशी. ऐकणं पोटात असतानाच सुरू होतं आणि नवजात बाळ आईचा आवाज परक्या बाईच्या आवाजातून निवडून काढतं, हे १९८० सालीच दाखवून झालंय. जिनिव्हातल्याच संशोधकांनी इटलीतल्या एका दवाखान्यात बघितलं की टाचेला सुई टोचताना आई जवळ बसून बोलली किंवा गायली तर या बाळांना वेदना कमी होतात. म्हणून पुढच्या वेळी रक्त काढायला किंवा लस टोचायला नेशील तेव्हा दाराबाहेर उभी राहू नकोस. ‘आईला बघवत नाही’ म्हणून बाहेर काढतील. बघू नको, पण बोलत राहा. घरी टीव्ही बंद असू दे. सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या येत असतील तर संध्याकाळी त्यांच्या मांडीवर दे आणि हळू आवाजात म्हणायला सांग. बाळाने मान फिरवली, जांभई दिली, बोटं फाकवली की तेव्हापुरतं पुरे. ती दमली, तिला झोपू दे. झोपेतच मेंदूचं काम चालतं, म्हणून ‘नुसती झोपते’ हे गाऱ्हाणं मला मान्य नाही. दूध प्यायला उठते ना, ते बघ.

बाकी थोडक्यात. अंगावरचं दूध आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब, याशिवाय काही नको. गुटी, मध, जायफळ सगळं बंद. लोहाचे थेंब ‘उष्ण पडतात’ म्हणून थांबवू नका. बाळाला लोहाचा साठा शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून मिळतो आणि हिला तो पुरता मिळालाच नाही. मेंदूला लोह लागतं. शी काळी झाली तर घाबरायचं नाही. बाजेखाली शेगडी आणि ओव्याची धुरी बंद, या फुप्फुसांना धूर सोसत नाही. तेल हलक्या हाताने लावा. नाकात, कानात थेंब नको आणि टाळूवर जोर नको.

नवऱ्याचा मोबाईल मात्र कामाला लावू. मुलगी सुधारित वयाने तीन महिन्यांची झाली की तिला उताणी टाकायची, अंगावर कमी कपडे, जागी आणि खुशीत असताना, हातात खेळणं नाही, जवळ कुणी बोलायचं नाही. वरून तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा. त्या वयात बाळाच्या मानेत, मनगटांत, घोट्यांत बारीक, सतत, वळवळत्या हालचाली असतात. जाणता डॉक्टर नुसत्या त्या बघून मेंदूपासून स्नायूंपर्यंतचा रस्ता ठीक आहे का याचा चांगला अंदाज बांधतो. जिल्ह्याच्या ठिकाणी बालकांच्या लवकर तपासणीचं केंद्र असतं, डीईआयसी म्हणतात, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चालतं, फुकट असतं. आशाताईंकडून तिथला वार विचारून घ्या. कानांची तपासणी राहिली असेल तर तीही तिथेच विचारा. सुधारित दोन महिन्यांनंतरही हसली नाही, नजर चेहऱ्यामागे फिरली नाही, एकच हात सारखा मुठीत राहिला, अंग काठीसारखं ताठ किंवा अगदीच ढिलं लागलं, तर व्यायाम लगेच सुरू करायचे. ‘लवकर झालेलं लेकरू आहे, उशिरा करेल’ म्हणत बसायचं नाही. वजाबाकी करायची ती १० आठवड्यांचीच, पुढे आणखी सूट नाही.

हुशार होईल का, याचं उत्तर आज कुणी देत असेल तर तो काहीतरी विकत असणार. एवढं सांगते: ३० आठवड्यांची बहुतेक मुलं चालतात, बोलतात, आपल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत बाकावर बसतात. त्यांतल्या काहींना लक्ष लागायला, गणिताला, बारीक हातकामाला इतरांपेक्षा जास्त कष्ट पडतात. ते पहिली-दुसरीत कळतं, म्हणून शाळेत घालताना ही फाईल बाईंना दाखवायची. फाईल प्लास्टिकच्या पिशवीत ठेव, पावसात भिजलेली कार्डं वाचता येत नाहीत.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते मात्र याच आठवड्यात कळव.